डाय दिल्यानंतर मूत्रपिंडाला होणारी इजा : परिचारिकेच्या हातात नेमके काय असते?

निशिगंधा
मी चौदा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. त्यातली शेवटची सहा वर्षे, ॲंजिओग्राफी होऊन आलेले रुग्ण जिथे ठेवतात त्या वॉर्डात गेली. एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी छातीत दुखते म्हणून दाखल झाल्या होत्या. वजन ५२ किलो, जुना मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; रक्तात वाढला तर मूत्रपिंडाचे काम घटलेले) १.३. प्रयोगशाळेच्या कागदावर मर्यादा १.४ पर्यंत छापलेली असल्यामुळे त्या आकड्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. सकाळी आठची वेळ मिळाली होती, म्हणून रात्री दहापासून त्यांना उपाशी ठेवले. मध्येच तातडीचा एक रुग्ण आला आणि आजींचा नंबर दुपारी दोनला लागला, म्हणजे सोळा तास त्यांच्या पोटात घोटभर पाणी नव्हते. ॲंजिओग्राफी झाली, लगोलग एक स्टेंटही बसवला आणि एकूण १२० मिली डाय (क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते द्रव्य) गेली. संध्याकाळी चादर बदलताना उशाखाली गुडघेदुखीच्या गोळ्यांची (पॅरासिटामॉल नव्हे, मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या जातीच्या) अर्धी संपलेली पट्टी सापडली. दाखल झाल्यापासून आजी त्या रोज दोन वेळा घेत होत्या, आणि "डॉक्टरांच्या गोळ्या कोणत्या घेता?" असे आम्ही विचारले होते म्हणून त्यांनी या सांगितल्या नव्हत्या, कारण या औषधाच्या दुकानातून आणलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.४ आले आणि त्यांना घरी सोडले. पाचव्या दिवशी, ॲंजिओग्राफीची नळी जिथून घातली होती ती मनगटाची जखम दाखवायला आल्या तेव्हा पायांवर सूज होती. रक्त तपासले तर क्रिएटिनिन २.१ निघाले. पुढे ते खाली आले, डायलिसिसची वेळ आली नाही. पण डाय किती द्यायची हे डॉक्टर ठरवतात आणि मूत्रपिंड जपण्यासाठी लागणारे सलाईनही तेच लिहून देतात. मग या सगळ्यात परिचारिकेचे म्हणून नेमके काय असते, हे मला अनुभवी लोकांकडून ऐकायचे आहे.

अबोली
तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच लेखात आहे, ताई. उपाशी राहिल्याचे तास, उशाखालची पट्टी आणि घरी सोडल्यानंतर न झालेली तपासणी, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हुकुमाच्या कागदावर कुठेच नसतात.

मूत्रमार्गी
मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहे, टोपणनावावरून कळले असेलच. आजींचा १.३ हा आकडा उलगडून पाहू या. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ सालचे सूत्र कागदावर करता येते : १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा, आणि रुग्ण स्त्री असेल तर आलेले उत्तर ०.८५ ने गुणा. आजींचे (१४० − ६८) × ५२ म्हणजे ३७४४ होतात, त्याला ७२ × १.३ म्हणजे ९३.६ ने भागले की ४० येतात आणि ०.८५ ने गुणले की ३४. म्हणजे छापील मर्यादेत बसणारा हा आकडा मिनिटाला केवळ ३४ मिली रक्त गाळणारे मूत्रपिंड दाखवत होता. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि आजींच्या अंगावर स्नायू कितीसे असणार! त्यामुळे बारीक, वयस्कर बाईचा १.३ आणि तालमीतल्या तरुणाचा १.३ एकच नव्हेत.

इजा म्हणायचे केव्हा, तेही सांगून ठेवतो. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झाले, तर ती तीव्र इजा धरतात. आजींचे १.३ चे २.१ झाले, म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक. आणि हा आकडा बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखरावर जातो. दुसऱ्या दिवशीच्या १.४ वर विसंबून घरी सोडणे म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी छत गळते का हे पाहण्यासारखे झाले.

हिवरा
मूत्रमार्गी, एक शंका आहे. आमच्याकडच्या अहवालात प्रयोगशाळाच ईजीएफआर (मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त गाळते याचा अंदाज) छापून देते. मी २०२१ च्या नव्या सूत्राने आजींचा हिशेब केला तर ४५ च्या आसपास आला. तुमचे ३४ आणि हे ४५, यांतले खरे कोणते धरायचे?

मूत्रमार्गी
प्रश्न योग्य आहे. नवे सूत्र ठरावीक शरीरपृष्ठासाठी, म्हणजे १.७३ चौरस मीटरसाठी, उत्तर देते. आजींचे शरीर त्याहून लहान आहे, त्यामुळे त्यांच्या मापाने ४५ चे ४० च्याही थोडे खाली येतात. दोन्ही आकडे अंदाजच आहेत. डाय देताना डायची मिलीतली मात्रा ईजीएफआरच्या तिपटीच्या आत राहावी असा एक ठोकताळा हृदयरोगतज्ज्ञ वापरतात. १२० मिलीला ४५ ने भागले तर २.७ येतात, म्हणजे आजी मर्यादेत. ३४ ने भागले तर ३.५ येतात, म्हणजे मर्यादेबाहेर. अशा काठावरच्या रुग्णाला मी जपूनच वागवतो.

कॅथलॅब_ब्रदर
वरच्या भागाकारात १२० हा आकडा कुठून आला, हे मला विचारावेसे वाटते. आमच्याकडे बाटली फोडली जाते, बाऊलमध्ये ओतली जाते, सिरिंजने ओढली जाते आणि उरलेली फेकली जाते. शेवटी कागदावर जो आकडा पडतो तो पुष्कळदा बाटल्यांच्या संख्येवरून टाकलेला असतो. मी अलीकडे प्रक्रिया संपल्यावर बाऊलमधले उरलेले मोजून वजा करतो, आणि रुग्ण वॉर्डात पाठवताना "डाय इतकी गेली" हे तोंडी सांगतो व कागदावरही लिहितो. वॉर्डातल्या सिस्टरांना एकच विनंती आहे : हा आकडा सांगितला नसेल तर रुग्ण ताब्यात घेण्याआधी विचारा. दोनदा विचारले की तिसऱ्यांदा आम्ही न विचारता सांगतो, हा माणसाचा स्वभाव आहे.

टांगेवाला
मी रुग्णाचा नातेवाईक म्हणून लिहितो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सलाईन अगदी हळूहळू चालू होते. "बाटली संपली की सोडतील" असे शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी सांगितल्यामुळे माझ्या मेहुण्याने सलाईनच्या नळीवरचे वेग ठरवणारे चाक सरळ वर सरकवले आणि अर्ध्या तासात बाटली रिकामी करून दाखवली. सिस्टरांनी त्याला जे ऐकवले, ते त्याच्या लग्नातही कोणी ऐकवले नव्हते.

निशिगंधा
टांगेवाला, तुमचे हसू आले, पण त्या सिस्टरांच्या जागी मीही तेच केले असते. ५२ किलोच्या रुग्णाला ताशी किलोमागे १ मिली लिहिले असेल तर ताशी ५२ मिली होतात. वीस थेंबांचा एक मिली या सेटवर मिनिटाला साधारण १७ थेंब पडायला हवेत. हृदय कमजोर असेल तर निम्मे, म्हणजे ९ थेंब. सुई कोपरापाशी लावलेली असते, रुग्ण हात दुमडतो, थेंब थांबतात. रात्री बारा तासांत सव्वासहाशे मिली जायला हवेत आणि पहाटे चारला पाहावे तर दोनशेच गेलेले असतात. तेव्हा "राहिलेले भरून काढू" म्हणून चाक मोकळे सोडण्याचा मोह मेहुण्याला होतो तसा रात्रपाळीच्या परिचारिकेलाही होतो, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कमजोर हृदयाच्या रुग्णाला त्या दोन तासांत दम लागतो, आणि मूत्रपिंड वाचवायला निघालेलो आपण फुप्फुसात पाणी भरून बसतो. इन्फ्यूजन पंप असेल तर हा प्रश्न येत नाही, पण आमच्या वॉर्डात तीस खाटांना चार पंप आहेत.

डॉ_कडुलिंब
मी क्ष-किरणशास्त्राचा डॉक्टर आहे आणि थोडा विरोधी सूर लावणार आहे. या विषयाची भीती गेल्या दोन दशकांत प्रमाणाबाहेर वाढली. डाय न दिलेल्या रुग्णांचेही क्रिएटिनिन आजारपणात वरखाली होते. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मंडळींनी डाय दिलेल्या आणि न दिलेल्या सारख्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा शिरेतून डाय देऊन केलेल्या सीटीनंतर इजेच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. म्हणूनच आता "डायमुळे झालेली इजा" असे म्हणण्याऐवजी "डायनंतर आढळलेली इजा" असे सावध शब्द वापरतात.

सलाईनचेही तसेच. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिश्ट येथे ६६० रुग्णांवर झालेला अमेसिंग अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्या रुग्णांना आधी सलाईन दिले काय आणि न दिले काय, निकाल सारखाच निघाला. अमेरिकेतल्या क्ष-किरणशास्त्र आणि मूत्रपिंड या दोन्ही संस्थांनी २०२० मध्ये एकत्र बसून सांगितले की सलाईनची तयारी मुख्यतः ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांसाठी आणि आधीच तीव्र इजा चालू असलेल्यांसाठी ठेवावी. माझ्याकडे जंतुसंसर्गाने खंगलेले रुग्ण येतात आणि "क्रिएटिनिन १.६ आहे, डाय नको" म्हणून साधा सीटी मागितला जातो. त्यात पोटातला गळू दिसत नाही. मग त्या रुग्णाचे मूत्रपिंड आणि रुग्ण दोन्ही जातात. परिचारिकांनी या भीतीत भर घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शमी
डॉक्टरसाहेब, तुमचे म्हणणे सीटीपुरते मान्य आहे. पण आजींना शिरेतून डाय गेली नव्हती, धमनीतून गेली होती. हृदयाजवळ सोडलेली डाय फारशी पातळ न होता थेट मूत्रपिंडाच्या धमन्यांत पोहोचते, शिवाय त्या नळीने महाधमनीच्या भिंतीवरचे मेदाचे कण खरवडून खाली जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते आणि मुलींना हाच भेद आधी शिकवते. अमेसिंगमध्येही ईजीएफआर ३० च्या खालचे रुग्ण घेतलेले नव्हते.

शिवाय सलाईनचा फायदा थोडा असो की नसो, रुग्णाला सोळा तास कोरडा ठेवण्याचे समर्थन कोणताही अभ्यास करत नाही.

डॉ_कडुलिंब
शमीताई, धमनी आणि शिरेचा भेद मी लिहायला हवा होता, तो राहून गेला. कोरडे ठेवण्याबद्दल तर माझे आणि तुमचे एकमत आहे. आजच्या कमी ऑस्मोलॅलिटीच्या (विरघळलेल्या कणांची तीव्रता कमी असलेल्या) डायसाठी सीटीपूर्वी उपाशी ठेवण्याची गरज नाही असे युरोपीय मार्गदर्शन सांगते, तरी आमच्या दारावर अजून "सहा तास काहीही खाऊ-पिऊ नये" अशी पाटी आहे आणि ती काढायला सांगणारा मीच एकटा आहे.

अबोली
"काहीही खाऊ-पिऊ नये" या वाक्यातला "पिऊ" हा शब्दच घातक आहे. भूल द्यायची असली तरी दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, हा भूलशास्त्रातला रुळलेला नियम आहे. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी एक साधी गोष्ट केली. यादीतला नंबर पुढे गेला की त्या कॅथलॅबला, म्हणजे ॲंजिओग्राफी करतात त्या विभागाला, फोन करून विचारतात : "चार नंबरच्या पेशंटला दोनच्या आधी घेणार नाही ना, मग मी बाराच्या आत दोन ग्लास पाणी देते, चालेल ना?" आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. फक्त विचारणारे कोणी नसते.

लेस्टरकर
मूळचा मिरजेचा, आता इंग्लंडात लेस्टरला सीटी विभागात नोकरी करतो. इथे २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनात धोका असलेल्या रुग्णाला आधी आणि नंतर तोंडाने पाणी पिण्यास सांगावे यावर भर आहे. शिरेतून सलाईन देण्याचा विचार दाखल असलेल्या आणि विशेष धोक्याच्या रुग्णांसाठीच करतात, उदाहरणार्थ ईजीएफआर ३० च्या खाली असलेले किंवा मूत्रपिंड रोपण झालेले. इथला अनुभव असा की प्रश्नावली छापील असते आणि तिच्यात सगळे असते, पण रुग्ण "नाही, नाही, नाही" अशा खुणा करत सुटतो. मूत्रपिंडाचा विकार आहे का असे विचारले तर नाही म्हणतो. रात्री किती वेळा उठावे लागते, पाय सुजतात का, लघवीला फेस येतो का, असे विचारले की खरे बाहेर येते.

दहिवर
आमच्या नाशिकच्या काकांना सीटीच्या टेबलावर घेण्याआधी सिस्टरांनी विचारले, "काका, गेल्या आठवड्यात दुसरीकडे कुठे डाय दिली होती का?" काका नाही म्हणाले. सिस्टरांनी मग वेगळे विचारले, "सुई टोचल्यावर अंगभर गरम वाटले होते का, कुठे?" काकांना लगेच आठवले की परवाच दुसऱ्या केंद्रात असे गरम वाटले होते. म्हणजे दोन दिवसांपूर्वीच त्यांना डाय मिळाली होती, आणि ती फाइल घरी कपाटात होती. सिस्टरांनी डॉक्टरांना कळवले, जुनी सीडी मागवून घेतली आणि दुसऱ्या सीटीची गरजच पडली नाही.

शमी
दहिवर, तो "गरम वाटले होते का" हा प्रश्न मी उद्याच वर्गात सांगणार आहे.

हिवरा
मेटफॉर्मिनबद्दल कोणी लिहिले नाही. ती गोळी मूत्रपिंड बिघडवते असा समज रुग्णांत आणि काही सहकाऱ्यांतही आहे. ती मूत्रपिंड बिघडवत नाही. मूत्रपिंड बिघडले तर ती शरीरात साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तीव्र इजा असेल किंवा डाय धमनीतून मूत्रपिंडाकडे जाणार असेल तर ती त्या वेळी थांबवतात आणि ४८ तासांनी मूत्रपिंडाचे काम तपासून पुन्हा सुरू करतात. परिचारिकेपुढची खरी अडचण अशी की आपल्याकडे ती एकटी क्वचितच येते. ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असते आणि रुग्ण तिला "साखरेची पिवळी गोळी" म्हणतो. पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी बाजूही पाहिली आहे. एका गृहस्थांना गोळी थांबवा असे सांगितले गेले, पुन्हा कधी सुरू करायची हे कोणीच सांगितले नाही, आणि महिनाभराने ते ३८० साखर घेऊन आले.

टांगेवाला
सासऱ्यांना पाण्यात फसफसणारी एक गोळीही द्यायचे. तिला कुजलेल्या अंड्यासारखा वास येई आणि सासरे शुद्ध शाकाहारी. त्या गोळीने मूत्रपिंडाचे काय झाले ते माहीत नाही, पण खोलीतले पाहुणे मात्र वेळेत निघून जात.

मूत्रमार्गी
ती ॲसिटिलसिस्टीन. सन २००० मध्ये ८३ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात तिचा मोठा गुण दिसला आणि जगभर ती सुरू झाली. २०१८ मध्ये सुमारे पाच हजार रुग्णांवरच्या प्रिझर्व्ह अभ्यासात तिचा काहीही उपयोग आढळला नाही, आणि साध्या सलाईनपेक्षा बायकार्बोनेटचे (सोड्याचे) सलाईनही सरस ठरले नाही. म्हणजे अठरा वर्षे परिचारिकांनी तो वास सहन केला आणि मिळवले काही नाही. गोळी वेळेवर दिल्याची खूण करण्यात जी मिनिटे गेली ती लघवी मोजण्यात गेली असती, तर मला अधिक उपयोगी पडली असती.

कॅथलॅब_ब्रदर
लघवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या वॉर्डातले इनटेक-आउटपुटचे (पोटात किती गेले, लघवी किती झाली याचे) तक्ते पाहिले की रुग्ण दर तासाला बरोबर ५० मिली लघवी करतो असे दिसते. असा शिस्तीचा रुग्ण मी प्रत्यक्षात अजून पाहिलेला नाही.

निशिगंधा
ब्रदर, तो टोमणा मला लागला आणि तो खरा आहे. कॅथेटर नसलेल्या बाईची लघवी मोजायची तर तिला भांडे द्यावे लागते, ते रिकामे करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवावे लागते आणि मोजपात्र न्हाणीघरात असावे लागते. आमच्याकडे मावशी पहाटे पाचला सगळी भांडी ओतून मोकळ्या होतात आणि सहाला आम्ही आकडे "आठवतो". ५२ किलोच्या रुग्णाची लघवी सहा तास ताशी २६ मिलीच्या खाली राहिली तर तीसुद्धा इजेची खूण आहे, आणि क्रिएटिनिन चढण्याच्या कितीतरी आधी मिळणारी. म्हणजे सर्वांत आधीची सूचना ज्या भांड्यात असते तेच आम्ही ओतून देत होतो. नुसते मोजण्यासाठी म्हणून कॅथेटर घालणे मला पटत नाही, त्याचा जंतुसंसर्ग वेगळा. आता मी संध्याकाळीच मावशींच्या हातात मोजपात्र देते आणि खाटेच्या नंबराची चिठ्ठी चिकटवते. दहापैकी सात रात्री ते जमते.

अबोली
एक अवघड प्रश्न विचारते. आजींची ती पट्टी तुम्हाला आधी सापडली असती आणि तुम्ही डॉक्टरांना रात्री अकराला फोन केला असता, तर काय झाले असते? आमच्याकडे नव्या मुली फोन करायला घाबरतात, कारण एकदा "एवढ्यासाठी उठवले?" असे ऐकलेले असते.

मूत्रमार्गी
अबोली, फोन कसा करता यावर पुष्कळ अवलंबून असते. "सर, पेशंट पेनकिलर घेत होती" एवढेच ऐकले तर झोपेतला माणूस "बरं" म्हणून फोन ठेवतो. "सर, खाट नंबर बारा, वय ६८, क्रिएटिनिन १.३ पण हिशेबाने ३४, पेनकिलर रोज दोन चालू आहेत, उद्या आठला ॲंजिओ आहे. गोळी बंद करते, रात्री सलाईन सुरू करू का आणि सकाळी क्रिएटिनिन परत पाठवू का?" असे सांगितले तर उत्तर "हो" किंवा "नाही" एवढेच द्यायचे उरते. मला स्वतःला असा फोन आल्यावर राग आलेला नाही. ज्यांना येतो त्यांचे नाव आणि वेळ नोंदवहीत लिहून ठेवावी, इतके मी माझ्या व्यवसायबंधूंचा मान राखून सुचवतो.

निशिगंधा
सगळ्यांचे वाचून मी गेल्या आठवड्यात एक गोष्ट बदलली, ती सांगते. डिस्चार्ज कार्डावर "पुनर्तपासणी : एस. क्रिएटिनिन" असे इंग्रजीत लिहिलेले असते आणि ते कोणी वाचत नाही. मी आता कार्डाच्या मागे निळ्या पेनने मोठ्या अक्षरांत लिहिते : "गुरुवारी सकाळी रक्त तपासा. अहवाल या नंबरवर पाठवा. तोवर गुडघ्याची गोळी घेऊ नका. साखरेची पिवळी गोळी अहवाल पाहूनच सुरू करा. लघवी कमी झाली, सूज आली, दम लागला तर लगेच या." ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांच्यासाठी किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारून तांब्यात सांगते, कारण "दीड लिटर" म्हटले की माना डोलावल्या जातात आणि "तीन तांबे" म्हटले की घरचा माणूस विचारतो, "आमचा तांब्या मोठा आहे, चालेल का?"

हिवरा
निशिगंधाताई, "तिसऱ्या दिवशी" न लिहिता वार लिहिता हे बरे केले. तिसरा दिवस कुठून मोजायचा यावर आमच्याकडे एकदा सासू-सुनेत वाद झाला होता. पण गावातल्या प्रयोगशाळेत नुसते क्रिएटिनिन मिळते, जुना आकडा कोणाजवळ नसतो. त्याचे काय करता?

निशिगंधा
जुना आकडा तारखेसह त्याच ओळीच्या वर लिहून देते. आजींच्या कार्डावर तेव्हा तो नव्हता. परवा त्या पुन्हा दाखवायला आल्या होत्या, आता १.३ आहे. पिशवीतून पट्टी काढून त्यांनीच मला दाखवली आणि विचारले, "ही चालती का गं, पोरी?" मी पट्टी उलटी करून वाचली. पॅरासिटामॉल होती.